कुठलं केडगाव?

कुणी काहीही सांगितलं की आमच्या ग्रंथपाल बाई आधी एकच शब्द विचारायच्या, “कुठलं?”

“बाई, पुस्तक पाहिजे,” म्हटल्यावर “कुठलं?” हे ठीक आहे, ते त्यांचं कामच होतं. पण “बाई, पाणी आलं,” म्हटलं तरी त्यांचं सुरू, “कुठलं? नळाचं का टँकरचं?” पेपरात आलंय म्हटलं की कुठल्या पेपरात, कुठल्या तारखेच्या. लोक म्हणतात म्हटलं की कुठले लोक, नावं सांग. एकदा माझ्या वर्गातली एक मुलगी रडत आली आणि डोकं दुखतंय म्हणाली. बाईंनी मान वर न करता विचारलं, “कुठलं?” आणि मग स्वतःच टेबलावर डोकं टेकून हसत सुटल्या. आम्ही पोरं त्यांच्यामागं त्यांना ‘कुठलंबाई’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका पोराच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निसटलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “कुठल्या कुठलंबाई? शिरूरच्या का केडगावच्या?”

या सवयीला कारण होतं. नव्वदच्या दशकात त्यांना नोकरी लागली तेव्हा संस्थेच्या कागदावर ‘केडगाव येथे रुजू व्हावे’ एवढंच होतं. बाई लग्न होऊन शिरूरला आलेल्या. शिरूरच्या माणसाला केडगाव म्हटलं की नगरजवळचं केडगावच आठवतं. घोडनदीचा पूल ओलांडायचा, नगर रोडनं सरळ जायचं, झालं. दुसऱ्या दिशेला, न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरून पुढं, रेल्वेच्या रुळांवर आणि गुऱ्हाळांच्या वासात दौंड तालुक्याचं आणखी एक केडगाव आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बाई नवी साडी नेसून नगरच्या केडगावात उतरल्या आणि शाळा शोधत हिंडल्या. शेवटी एका चहावाल्यानं विचारलं, “बाई, कुठलं केडगाव?” आमच्या केडगावात त्या पोचल्या तेव्हा शाळा सुटलेली होती आणि पहिल्याच दिवशी त्यांचा खाडा लागला होता. हे त्या रंगवून सांगायच्या. म्हणायच्या, “तो प्रश्न मला सकाळी कंडक्टरनं विचारला असता तर? म्हणून मी आधीच विचारते.”

बाई अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. शाळेत पोरं जास्त असतील तर सरकार पूर्ण ग्रंथपाल देतं, कमी असतील तर अर्धा. खेड्यातल्या शाळेत पोरं कमी भरतात, म्हणून खेड्याच्या वाट्याला अर्धा. गणिताला अर्धा मास्तर चालत नाही, शाळेला अर्धा हेडमास्तर चालत नाही, पुस्तकांना मात्र अर्धं माणूस पुरतं. आमच्या संस्थेच्या दोन शाळा, एक शिरूरला आणि एक केडगावला. संस्थेनं दोन अर्धे जोडून एक बाई केल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार शिरूर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार केडगाव. संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. भिऊन नाही. अशा संस्था तालुक्या-तालुक्यात आहेत, एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात.

बाई स्वतः याबद्दल कधी रडल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, “मी अर्धवेळ आहे, अर्धी नाही.”

त्या शिरूरला असल्या की आमचं वाचनालय बंद. जाळीच्या दाराला कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या खणात. कारण काय, तर पुस्तकं हरवतील. आम्ही जाळीला नाक लावून आतली कपाटं बघायचो. मी रेल्वे क्वार्टरमागच्या बौद्ध वस्तीतली. माझे वडील दौंडला रेल्वेत पॉइंट्समन. वस्तीत बुद्धवंदनेची पुस्तिका होती, जयंतीच्या स्मरणिका होत्या, त्यापलीकडं कुणाच्या घरात पुस्तक नव्हतं. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांना तीन दिवसांचं कुलूप म्हणजे काही वाटणार नाही. आम्हाला वाटायचं, कारण आमचं कपाट तेच होतं.

आठवीत असताना मी माझं पहिलं पत्रक काढलं. वहीच्या पानावर स्केचपेननं ‘वाचनालयाला कुलूप का? जुलमी कारभाराचा धिक्कार असो!’ असं लिहिलं आणि खळ लावून जाळीला चिकटवलं. गुरुवारी बाई आल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं फाडतील. त्यांनी लाल पेन काढून दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि मला हाक मारली.

“राग पोचला,” त्या म्हणाल्या. “मागणी कुठंय?”

मी पत्रक वरून खालपर्यंत पुन्हा वाचलं.

“अगं, कुलूप कुठल्या दिवशी उघडायचं, किती वाजता, कुणी उघडायचं, ते लिही. धिक्काराला कुणी उत्तर देत नाही. मागणीला द्यावं लागतं.”

पुढं मी संघटनेत गेले, शेकड्यानं पत्रकं लिहिली, शिबिरांत मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. याच्यापेक्षा उपयोगाचं मला कुणी शिकवलं नाही.

मग कॉम्प्युटर आले. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. कुठल्याशा योजनेतून तीन डबे आले, हारतुरे झाले, नारळ फुटला. ठेवायचे कुठं तर जाळीचं दार शाळेत एकच, म्हणून ते वाचनालयात आले. कॉम्प्युटर शिकवायला कंत्राटावर एक सर आले आणि दोन महिन्यांत शिक्रापूरच्या एका कारखान्यात चिकटले. मागं राहिले तीन डबे, टेलिफोनची तार आणि बाई. गुरुवारी डब्यांवरची फडकी झटकायचं कामही बाईंकडंच आलं.

बाईंचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. शाळेत सगळे म्हणायला लागले, बाईंना आता या वयात कॉम्प्युटरचं वेड लागलं. त्या शिरूरला एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसायच्या. तिथं पडदे लावलेली खोकी होती आणि आत कॉलेजची पोरं काय बघायची ते सगळ्या शिरूरला माहीत होतं. बाई आत शिरायच्या, आपल्या खोक्याचा पडदा सर्रकन सरकवून दोरीला बांधून टाकायच्या आणि चष्मा चढवून बसायच्या. कॅफेवाला सांगायचा, बाई आल्या की शेजारची दोन खोकी आपोआप रिकामी होतात. तासाला पैसे घेणारा तो गडी पुढं बाईंना अर्ध्यात बसू द्यायला लागला. त्या कॅफेतल्या पोरांनाच प्रोजेक्टसाठी पुस्तकं सुचवायच्या, हा त्याचा फायदा.

मेल करायला शिकल्यावर त्यांनी पहिला मेल स्वतःलाच केला. बुधवारी संध्याकाळी शिरूरहून पाठवला. गुरुवारी सकाळची एसटी, चौफुल्याला उतरून जीप, मग चालत शाळा, आणि आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करून त्यांनी बघितलं तर तो आलेला. बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. शिपाई मामांना म्हणाल्या, “मामा, हा माझ्या आधी पोचला. आणि याला चौफुल्याला गाडी बदलावी लागली नाही.” मामा म्हणाले, “मंग तुमी तरी कशाला येताय उन्हातान्हाचं? त्यालाच पाठवत जावा.”

मामा गमतीनं बोलून गेले. बाईंनी ते मनावर घेतलं.

सुरुवातीला फार घोळ झाले. त्यांनी शिरूरहून मराठीत पाठवलेलं आमच्याकडं नुसते चौकोन होऊन उतरायचं, कारण तिकडचा फाँट इकडं नव्हता. मग त्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागल्या. एका मंगळवारी हेडसरांनी मेल बघण्यापुरतं कुलूप काढून दिलं, मेल होता, उद्या सातवीच्या मुलांनी मैदानावर जमावे. इंग्रजी अक्षरांतलं ‘उद्या’ आम्ही ‘उड्या’ वाचलं आणि मामांनी सातवीच्या पोरांना त्याच दिवशी भर उन्हात मैदानावर उड्या मारायला लावल्या. पीटीचे सर सुट्टीवर होते, त्यामुळं कुणाला संशयही आला नाही. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी चार दिवस खपून दोन्ही शाळांत एकच फाँट चढवला.

मग त्यांनी हेडसरांकडं अर्ज केला. दर मंगळवारी शिरूरहून नेटवर वाचनाचा तास घेईन, मुलांना कॉम्प्युटरही येईल. हेडसर खूश झाले, कारण तपासणीला दाखवायला झालं. आता तासासाठी कॉम्प्युटर लागणार, कॉम्प्युटर वाचनालयात, म्हणून मंगळवारी मामांच्या हातात किल्ली आली. तासाच्या आधी अर्धा तास आणि नंतर पुस्तकं बदलून होईपर्यंत दार उघडं. पुढच्या महिन्यात बाईंनी सोमवारचाही तास मागून घेतला. सगळी शाळा म्हणत होती, बाई कॉम्प्युटर शिकतायत. मला हळूहळू कळलं, बाई कुलूप उघडत होत्या.

मोर्चे काढून जे होत नाही ते या बाईनं माऊस हलवून केलं. मला तेव्हा रागच आला होता. मी म्हटलं, “बाई, हक्क म्हणून मागा की. असं आडून कशाला?” त्या म्हणाल्या, “तू हक्क माग, मी तोवर दार उघडते. दोन्ही लागतं.”

तासाची वेळ ठरवणं म्हणजे एक कसरत होती. ते भारनियमनाचे दिवस. शिरूरला लाईट असली की केडगावला नाही, केडगावला आली की शिरूरची गेली. बाईंनी दोन्हीकडची भारनियमनाची वेळापत्रकं आणून एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरली. उजेडात दोन्ही पांढऱ्या जागा जिथं एकमेकींवर आल्या, तो आमचा तास. महिना बदलला की पांढऱ्या जागा सरकायच्या आणि आमचा तासही सरकायचा. कधी सकाळी प्रार्थनेनंतर, कधी डबा खाण्याच्या सुट्टीत. त्या तेवढ्या वेळात बाई तिकडून टाईप करायच्या, आम्ही इकडून. ज्याला पुस्तक पाहिजे त्यानंच टाईप करायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही, हा नियम. वस्तीतली पोरं, बागायतदारांची पोरं, सगळ्यांची बोटं त्या की-बोर्डवर सारखीच अडखळायची.

एका तासाला बाईंनी सांगितलं, आपल्या गावाची माहिती नेटवर शोधून लिहा. आम्ही धडाधड शोधून धडाधड उतरवून पाठवली. तिकडून उत्तर आलं, ‘कुठलं केडगाव?’ बघतो तर आम्ही सगळ्यांनी नगरचं केडगाव लिहिलेलं. आमच्या गावाला रेल्वे आहे, स्टेशनवर आम्ही रोज हुंदडतो, बायकांसाठीचं जुनं मिशन आम्ही येता-जाता बघतो, आणि त्यातलं काहीच नसलेली माहिती आम्ही ‘आमचे गाव’ म्हणून लिहून दिली होती. गुरुवारी बाई आल्या त्या कार्डांचा खण घेऊनच वर्गात आल्या. वाचनालयात ‘पाहा-कार्ड’ म्हणून एक असतं. जुन्या नावाखाली लिहितात, घोडनदी, पाहा शिरूर. धोंड, पाहा दौंड. म्हणजे माणूस कुठल्याही नावानं आला तरी त्याला नीट दारात नेऊन सोडायचं. बाई म्हणाल्या, “नेटवर हे कार्ड कुणी लावलेलं नाही. तिथं ते आपल्या डोक्यात असावं लागतं.” मग त्यांनी आम्हाला गावात पिटाळलं. स्टेशनमास्तर, गुऱ्हाळवाले, मिशनातल्या म्हाताऱ्या बायका, आमच्या वस्तीतले आज्जे, सगळ्यांना विचारून आम्ही आमचं केडगाव लिहिलं आणि बाईंनी ते नेटवर चढवलं. आमच्या वस्तीचं नाव छापील अक्षरांत मी पहिल्यांदा बघितलं ते तिथं. त्याआधी ते फक्त मतदार यादीत असायचं.

आणि मग संस्थेचे सेक्रेटरी आले.

ते सहसा पंधरा ऑगस्टला आणि निवडणुकीच्या आधी येत. यावेळी दिवाळीच्या तोंडावर आले. तीन कॉम्प्युटर, नेट, वर ग्रंथपाल बाई ऑनलाइन शिकवतायत, हे बघून त्यांना भलताच आनंद झाला. त्यांनी बाईंचं भरभरून कौतुक केलं. आणि त्याच दमात म्हणाले, आता सगळं नेटवर आहे तर ही कपाटं कशाला अडवून ठेवायची? पुस्तकं शिरूरला हलवा. या खोलीत संस्था कॉम्प्युटर क्लास काढेल, रीतसर फी घेऊन. शिरूरच्या वाचनालयात पुस्तकं ठेवायला जागा नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं ती पोत्यात राहणार होती.

बाईंनी सांगून बघितलं. मी नेटवर शिकवते ते पुस्तकं उघडावीत म्हणून, कपाट गेलं तर शिकवू काय. सेक्रेटरी हसून म्हणाले, “बाई, तुम्हीच तर नव्या जमान्याच्या. तुम्ही असं बोलायचं?” आणि गाडीत बसले.

जे शस्त्र बाईंनी आमच्यासाठी घासून घासून तयार केलं, तेच उचलून त्यांच्या मानेवर ठेवलं गेलं. मी त्या संध्याकाळी पत्रक लिहायला बसले आणि रागानं दोन निबा मोडल्या. गुरुवारची वाट बघत होते. पण बाईंना त्या आठवड्यात केडगावला यायलाच मनाई झाली. पुस्तकं हलवेपर्यंत शिरूरलाच थांबा, असा निरोप.

मंगळवारी सकाळी शिरूरच्या शाळेत टेम्पो आला. हे मला बाईंनी नंतर सांगितलं. क्लार्कनं ड्रायव्हरच्या हातात पोती दिली आणि सांगितलं, केडगावच्या शाळेतून पुस्तकं भरून आणायची. ड्रायव्हर नगर रोडवर कांदा वाहणारा. तो म्हणाला, “केडगावला ना? येतो जेवणाच्या आत.” बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. टेम्पो फाटकातून बाहेर पडला आणि न्हावऱ्याकडं न वळता पुलाकडं वळला.

“तोंडात आला होता शब्द,” बाई मला म्हणाल्या. “गिळला.”

त्यांनी आयुष्यात एकदाच तो प्रश्न विचारला नाही, आणि त्यामुळं आम्हाला एक दिवस मिळाला.

इकडं आमचा मंगळवारचा तास होता. बाईंची पहिलीच ओळ आली, दिवाळीची देवघेव आजपासून सुरू. एरवी एका नावावर एकच पुस्तक मिळायचं, पण दिवाळीच्या सुट्टीला घरातल्या प्रत्येकाच्या नावावर पुस्तक न्यायची मुभा बाईंनी फार पूर्वीच ठेवलेली होती, तो नियम भिंतीवर रंगवलेला होता. त्याच्याच खाली दुसरा नियम, परतीच्या तारखेआधी पुस्तक मागता येणार नाही. देवघेवीचा तक्ता बाईंनी नेटवर ठेवला होता आणि तो दोन्हीकडून उघडायचा. आम्ही पुस्तकाचा नंबर आणि माणसाचं नाव टाईप करायचो, बाई तिकडून परतीची तारीख टाकायच्या. आई, बाप, आजी, काका, सासुरवाशीण आत्या, सगळी नावं लागली. दोन वाजता लाईट जाणार होती. वर्गांमागून वर्ग आले. हातात, दप्तरात, ओढणीत, सायकलच्या कॅरिअरवर पुस्तकं बाहेर पडत राहिली.

शेवटी शब्दकोशांचं कपाट उरलं. मी नंबर टाईप केला. तिकडून उत्तर, ‘कोश घरी देत नाहीत.’ पुस्तकं पोत्यात जाणार, वाचनालय बुडतंय आणि बाईंचा नियम सुटत नाही. मी कपाळावर हात मारला. मग दुसरी ओळ आली, ‘शिक्षकांना देता येतात. हेडसर आहेत का?’

हेडसर दारातच उभे होते. इतका वेळ त्यांनी आम्हाला अडवलं नव्हतं. त्यांनी ती ओळ वाचली. सेक्रेटरींच्या समोर या माणसाची मान कधी वर झालेली आम्ही पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, मला म्हणाले, “सरक जरा,” आणि एका बोटानं स्वतःचं नाव स्वतः टाईप केलं. मग जाडजूड कोशांचा गठ्ठा छातीशी धरून ते घराकडं चालू लागले. त्यानंतर थोड्याच वेळात लाईट गेली.

टेम्पो नगरच्या केडगावात दुपारभर शाळा-शाळा हिंडला आणि रिकामा परत गेला. खऱ्या केडगावात तो बुधवारी आला. मामांनी कुलूप काढून दार सताड उघडून दिलं.

ड्रायव्हर म्हणाला, “पुस्तकं कुठं हायत?”

“वाचाया गेल्यात.”

“समदी?”

“समदी. दिवाळी हाय न्हवं.”

“मंग मी काय न्हिऊ?”

“कपाट न्हे की,” मामा म्हणाले. “लई जड हाय, चार माणसं घिऊन ये.”

संस्थेनं माणूस पाठवून घरोघर पुस्तकं गोळा करायचा प्रयत्न केला. आमच्या घरी आला तेव्हा आई चुलीपाशी होती. तिला अक्षर येत नाही. ती म्हणाली, “तारीख कवाची हाय? ती झाल्याबिगर दिऊ नगं म्हणून बाईंनी सांगितलंय.” गुऱ्हाळवाल्या बागायतदारांच्या घरीही तो गेला, तिथल्या म्हातारीनं त्याला हेच ऐकवलं, वर काकवी खाऊन जा म्हणाली. आमच्या गावात वस्ती आणि बागायतदार एका तोंडानं बोललेत असे प्रसंग मी बोटावर मोजीन. हा त्यातला एक. बाई आमच्या जातीच्या नव्हत्या, त्यांच्याही नव्हत्या. त्यांनी जातीवर कधी भाषण दिलं नाही. एकाच तक्त्यात सगळ्यांची नावं एकाखाली एक घातली, बस्स.

सुट्टी संपली तशी परतीची तारीख जवळ आली आणि बाईंनी शिरूरहून सगळी पुस्तकं पुन्हा त्याच नावांवर चढवली. पंधरा दिवसांनी पुन्हा. मेलवर मागणी यायची, मेलवर तारीख वाढायची. सेक्रेटरी वाट बघून थकले. शेवटी हेडसरांनी लेखी कळवलं की क्लासला सभागृह देता येईल, खोली देता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं ‘नाही’ हा शब्द कागदावर लिहिला असेल. क्लास सभागृहात गेला. पुस्तकं हळूहळू कपाटात परतली. किल्ली मामांकडं कायमची राहिली आणि वाचनालय सहाही दिवस उघडं राहू लागलं. मामा आणि दहावीच्या मुली देवघेव बघायच्या, अडलं की बाईंना विचारायच्या.

बाईंना मात्र मेमो मिळाला आणि त्यांचं केडगावचं अर्धं पद काढून घेतलं. दोन अर्ध्यांतलं एक अर्धं उरलं, पगारही तेवढाच. हे कुणी कुठं लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते. बाईंनी शिरूरहून आमचे तास घेणं थांबवलं नाही. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं आणि तास घेऊ नका असं सांगायची आता कुणाची हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शिरूरला संस्थेनं निरोपसमारंभ केला. मी दौंडहून गेले, आता मी तिथल्या एका साप्ताहिकाला बातम्या देते. सेक्रेटरींनी शाल घातली आणि माईक हातात घेतला. म्हणाले, केडगावचं वाचनालय ही आमच्या संस्थेची शान आहे. ग्रामीण भागात ऑनलाइन शिक्षणाचं स्वप्न आम्ही पाहिलं आणि बाईंनी ते आमच्या मार्गदर्शनाखाली साकार केलं. ते वाचनालय वर्षभर, सहाही दिवस असंच उघडं राहील, हा माझा शब्द आहे. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसून ओठ चावत होते. टेम्पो, पोती, मेमो, सगळं उठून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

कार्यक्रमानंतर चिवडा-पेढ्याच्या बश्या फिरत होत्या. मी बाईंना कोपऱ्यात गाठलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, “लिहून घेतलंस का ते काय म्हणाले?”

“कशाला घेऊ? धडधडीत खोटं बोलत होते.”

“असू दे खोटं. सगळ्यांसमोर शब्द दिलाय ना? छापून टाक.”

“त्यांच्या नावानं? बाई, वाचनालय तुम्ही वाचवलंय.”

“मी उद्यापासून घरी,” बाई म्हणाल्या. “मी वाचवलं म्हणून छापलंस तर मी गेल्यावर ते बंद करायला त्यांना काय अडचण? त्यांनी उभं केलं म्हणून छाप. स्वतःचं नाव लागलेलं दार माणूस बंद करत नाही.” आणि माझ्या बशीतला पेढा उचलून त्यांनी तोंडात टाकला.

मी परत येताना एसटीत खूप भांडले, मनातल्या मनात, बाईंशी. घरी आल्यावर बातमी लिहायला बसले. सेक्रेटरींचं नाव पहिल्या ओळीत घातलं. संस्थेची शान, सहाही दिवस, माझा शब्द, हे सगळं अवतरणात घातलं. बाईंचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, निवृत्त झाल्या एवढाच. इतकं नावडतं काही मी आजवर लिहिलेलं नाही आणि इतकं मोजूनमापूनही नाही. दौंडच्या साप्ताहिकानं ते फोटोसकट छापलं. सेक्रेटरींनी म्हणे अंकाच्या पन्नास प्रती घेतल्या आणि एक फ्रेम करून केडगावच्या शाळेला पाठवली. हेडसरांनी ती जाळीच्या दाराशेजारी टांगली.

यंदा संस्थेत खांदेपालट झाला, नवे सेक्रेटरी आले. पहिल्याच फेरीत त्यांनी मामांना विचारलं, ग्रंथपाल नाही तर ही खोली उघडी कशाला ठेवता, कुणी येतं तरी का इथं? मामांनी आधी फ्रेमकडं बोट केलं. साहेबांनी पूर्ण वाचेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी दाराबाहेर पडलेल्या चपलांकडं बोट केलं. साहेब उंबऱ्यावर उभे होते आणि त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. वार सोमवार होता, पूर्वीच्या कुलपाचा.